साइड-बाय-साइड फ्रिजचा आइस मेकर: ट्रे फिरतो, पण बर्फ पडत नाही

सातवा_मजला:

फ्रिज साइड-बाय-साइड, सहाएक वर्षांचा, दारातून पाणी आणि बर्फ देणारा. पाण्याची जोडणी थेट स्वयंपाकघरातल्या लाइनीवरून आहे: अँगल कॉक, तिथून पाव इंची पांढरी नळी, मध्ये बाहेरचा लांबट फिल्टर आणि मग फ्रिजची पाठ. इमारत पुण्यात, सात मजली. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागतात.

बर्फाचे खडे आधी लहान व्हायला लागले, मग चपटे पापुद्र्यासारखे पडायचे, आता काहीच नाही. पॅनेलवर फ्रीजर -१८ दाखवतो, 'बर्फ बंद'चं चिन्ह नाही, चाइल्ड लॉक नाही. आइस मेकरखालचं टेस्ट बटण तीन सेकंद दाबून धरलं की ट्रे पूर्ण उलटा होतो, पीळ बसल्याचा कर्रकन आवाज येतो, ट्रे परत सरळ होतो. त्यानंतर फ्रिजच्या मागून काही सेकंद घुंऽऽ असा आवाज येतो. ट्रेमध्ये पाणी मात्र येत नाही. दारातून पाणी येतं, पण बारीक धारेने.

बघायला आलेल्या तंत्रज्ञाने अख्खा आइस मेकर बदला, त्यानेही नाही झालं तर कार्ड (फ्रिज चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलू, असं सांगितलंय. किंमत ऐकून थांबले आहे. कार्ड आणि आइस मेकर खरंच गेलेत का हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

पाना_पक्कड:

ताई, आइस मेकर बदलू नका. तुमच्या टेस्ट बटणानेच त्याला निर्दोष सोडलंय.

या पद्धतीच्या आइस मेकरमध्ये हीटर नसतो. प्लॅस्टिकचा ट्रे, एका टोकाला गिअरची मोटर, खाली एक तापमानाचा सेन्सर आणि बर्फ साठवायची बादली भरली का हे चाचपणारा दांडा, एवढाच संसार. सेन्सरने ट्रे पुरेसा गार झाल्याचं सांगितलं आणि ठरलेली किमान वेळ उलटली की कार्ड मोटरला हुकूम देतं. ट्रे उलटतो, एक कोपरा खुंटीला अडतो, पीळ बसतो, खडे सुटून बादलीत पडतात. ट्रे सरळ झाला की कार्ड मागच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला ठरावीक सेकंद वीज देतं. तुमच्याकडे यातली प्रत्येक पायरी होतेय. घुंऽऽ हा आवाज त्या व्हॉल्व्हच्या कॉइलचा. म्हणजे कार्डाने हुकूम दिला, मोटर फिरली, कॉइलपर्यंत वीज पोचली. फक्त पाणी पोचलं नाही.

पाण्याने ट्रे भरला की नाही हे बहुतेक मॉडेलांमध्ये कुणी मोजत नाही. भरण घड्याळावर चालते. दाब कमी असला तर तेवढ्याच सेकंदांत कमी पाणी पडतं, म्हणून खडे आधी लहान, मग पापुद्रे. आणि पाणी अजिबात आलं नाही तरी रिकामा ट्रे गार होतोच, सेन्सर 'तयार' म्हणतो, ट्रे पुन्हा उलटतो. 'मोटर फिरते पण बर्फ नाही' या तक्रारीत मी पहिलं बोट पाण्याकडे दाखवतो ते यामुळे.

आता एवढं मोजून सांगा:

दारातून पाणी बरोबर १० सेकंद मापाच्या भांड्यात घ्या. ठीकठाक दाबाला पाऊण कप, म्हणजे साधारण १७० मिली मिळायला हवं. मग अँगल कॉक बंद करून फिल्टर काढा, दोन्ही नळ्या सरळ कनेक्टरने एकमेकींना जोडा आणि हेच माप पुन्हा घ्या. (फिल्टर फ्रिजच्या आत असलेल्यांनी बायपासचं बूच लावायचं. काही मॉडेलांत फिल्टर काढला की वाट आपोआप मोकळी होते.) तिसरं माप फ्रिजच्या पाठीची नळी सोडून न्हाणीघरातल्या साध्या बादलीत: मिनिटाला किती लिटर येतं ते.

शेवटी ट्रेच्या वर, फ्रीजरच्या मागच्या भिंतीतून येणारी पाणी भरायची नळी टॉर्च मारून बघा. तोंडाशी पांढरा बर्फ दिसतो का?

सूचना: ट्रेमध्ये न गोठलेलं पाणी असताना टेस्ट बटण दाबू नका. ते सगळं बादलीत पडतं आणि बादलीतल्या बर्फाची एक लादी होते.

बर्फगोळा:

पाना_पक्कड यांच्याशी सहमत, पण पॅनेलवरच्या -१८ वर विसंबू नका. तो आकडा बऱ्याच फ्रिजमध्ये तुम्ही मागितलेल्या तापमानाचा असतो, आत किती आहे त्याचा नव्हे. वीस-पंचवीस मिनिटं दार उघडं राहिलं तरी काही पॅनेल निवांत -१८ दाखवत बसतात. साधा फ्रीजर थर्मामीटर गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये दाबून रात्रभर ठेवा. सकाळी -१५ च्या खाली असेल तर हरकत नाही. -१२ च्या वर असेल तर बर्फ रखडतोच, आणि मग आइस मेकर सोडून फ्रिजकडे बघायला हवं: मागच्या पत्र्यावर बर्फाचा थर चढलाय का, आतला पंखा फिरतो का. थर चढला असेल तर डिफ्रॉस्टचा हीटर, त्याचा सेन्सर किंवा थर्मल फ्यूज यांपैकी काहीतरी गेलेलं असतं.

गच्चीवरची_टाकी:

फ्रिज उघडायच्या आधी हिशेब करा. शेवटचा मजला आणि टाकी डोक्यावर, एवढं वाचूनच शंका आली होती.

टाकीतून नुसत्या उतारावर येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीला जवळजवळ १ बार, म्हणजे १४ पीएसआय (बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची मापं). अशा फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा दाब साधारण २० ते १२० पीएसआय हवा असं लिहिलेलं असतं. २० पीएसआय म्हणजे १.४ बार, म्हणजे १४ मीटर. एका मजल्याचे ३ मीटर धरले तर टाकीच्या खाली चार-पाच मजले उतरल्यावर हा दाब मिळतो. तुमच्या इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर हाच फ्रिज विनातक्रार चालेल. सातव्यावर तो कडेलोटावर चालतोय.

फ्रिजचा व्हॉल्व्ह पाठीमागे खाली असतो. टाकीच्या तळापासून तिथपर्यंत किती मीटर ते पायऱ्या मोजून अंदाजे काढा. नळी किती जाड आहे याने स्थिर दाब बदलत नाही. ती बारीक किंवा लांब असेल तर पाणी वाहताना दाब आणखी खर्च होतो, एवढंच. म्हणून फ्रिजमागे दहा मीटर नळीचं वेटोळं करून ठेवू नये. सरकवायला लागते तेवढी दीड-दोन मीटर पुरे.

उंच टॉवरवाल्यांचं गणित वेगळं. तिथे वरच्या मजल्यांना हायड्रोन्यूमॅटिक पंपाचा (लाइनीत दाब कायम राखणाऱ्या पंपाचा) दाब असतो आणि खालच्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह. तिथे हा प्रश्न यायचा तर सोसायटीचा पंप बंद पडल्यावर येतो.

नुसतंच_वाचतो:

डेमो मोड बघितला का? शोरूमचा मोड चुकून चालू झाला की दिवे लागतात, पण गारवा नाही.

बर्फगोळा:

@नुसतंच_वाचतो, डेमो मोडमध्ये कॉम्प्रेसरच चालत नाही. दूध नासलं असतं आधी.

सातवा_मजला:

सगळं मोजलं.

दारातून, फिल्टरसकट: १० सेकंदांत जेमतेम ६० मिली.
फिल्टर काढून: १० सेकंदांत १४० मिली.
पाठीची नळी सोडून बादलीत: मिनिटाला दीड लिटर.
टाकीचा तळ ते फ्रिजचा व्हॉल्व्ह: साडेचार मीटर धरा.
थर्मामीटर: -१७.

पाणी भरायच्या नळीच्या तोंडाशी पांढरं बूच दिसतंय, बोटाच्या पेरापेक्षा थोडं लहान. खाली एक सुळका लोंबतोय, ट्रेला टेकायच्या बेतात. फिल्टर कापून पाहिला तर आत तपकिरी गाळ.

पाना_पक्कड:

मग रोग सापडला. आता तो क्रमाने बरा करायचा. क्रम चुकला तर नळी आज मोकळी होईल आणि आठवड्यात पुन्हा गोठेल.

आधी नळी का गोठली ते. फ्रिजचा व्हॉल्व्ह हा साध्या तोटीसारखा नसतो. आत रबरी पडदा असतो आणि त्याच्या मध्यावर एक बारीक भोक. कॉइलला वीज मिळाली की छोटा खिळा उचलला जातो, पडद्यावरचं पाणी त्या भोकातून निसटतं आणि खालच्या पाण्याचा दाब पडदा उचलतो. वीज बंद झाली की खिळा भोकावर बसतो, कडेच्या आणखी बारीक छिद्रातून पाणी पडद्याच्या वर साठतं आणि तेच पाणी पडद्याला खाली दाबून वाट बंद करतं. म्हणजे व्हॉल्व्ह उघडायलाही पाण्याचा दाब लागतो आणि मिटायलाही. कॉइल पाणी अडवत नाही, ती फक्त इशारा करते.

तुमचा दाब ०.४५ बार, सुमारे साडेसहा पीएसआय. त्यातला अर्ध्याहून जास्त प्रवाह गाळाने भरलेला फिल्टर खात होता. शिवाय फिल्टरमधून सुटलेली बारीक माती कडेच्या छिद्रात अडकू शकते. अशा वेळी पडदा पूर्ण बसत नाही आणि भरण संपल्यावरही थेंब थेंब गळत राहतो. धारेने आलेलं पाणी गोठायच्या आत ट्रेमध्ये पोचतं. थेंब मात्र -१७ च्या हवेत नळीच्या तोंडाशीच थिजतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तुमचा सुळका तोच.

आता काम.

फ्रिजचा प्लग काढा, अँगल कॉक बंद करा. बादली बाहेर काढून बर्फ फेकून द्या. आइस मेकर बहुधा एक-दोन स्क्रू किंवा आकड्यावर बसवलेला असतो. तो पुढे ओढून वायरीचा कनेक्टर खटका दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. ट्रेखाली जाडसर पंचा अंथरा. हेअर ड्रायर सर्वांत कमी गरमवर ठेवून वीतभर अंतरावरून, हात हलता ठेवून फिरवा. एका जागी धरला तर फ्रीजरचं अस्तर वाकतं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. ड्रायरच्या वायरीत २३० व्होल्ट आहेत, तेव्हा हात कोरडे ठेवा आणि वितळलेलं पाणी त्यावर टपकू देऊ नका.

ड्रायर नको असेल तर सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या, तिला माशांच्या टाकीची बारीक सिलिकॉन नळी लावा आणि कोमट पाणी बुचावर थोडं थोडं सोडा. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण ड्रायरने तोंडाचा बर्फ वितळतो पण आत दोन-तीन इंचांवर दुसरं बूच तसंच राहतं. सिलिकॉन नळी आत सरकवत नेता येते. उकळतं पाणी नको. स्क्रूड्रायव्हर, विणायची सुई, तार काही खुपसू नका. गार प्लॅस्टिक चटकन तडकतं, आणि तडकलेल्या नळीतून पाणी फ्रीजरच्या भिंतीत शिरलं की खरं खर्चाचं काम निघतं.

बूच निघाल्यावर मागचा व्हॉल्व्ह. खालचा पत्रा किंवा पुठ्ठ्याचं कव्हर चार-पाच स्क्रूंवर असतं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी येणारी नळी काढा: कनेक्टरची कडी आत दाबून धरायची आणि नळी सरळ बाहेर. काहींना निळी किंवा पांढरी क्लिप असते, ती आधी काढायची. आत बोटाच्या नखाएवढी जाळी दिसेल. टोकदार पक्कडीने अलगद ओढली की निघते. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत घालून त्यात जाळी अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन परत बसवा. जाळी फाटली म्हणून तिच्याशिवाय चालवू नका, मग पुढचा गाळ थेट पडद्यात.

नळी परत बसवताना टोक ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने कापलं तर टोक चपटं होतं आणि तिथून झिरपतं. आत टेकेपर्यंत दाबा, मग मागे ओढून बघा, निघता कामा नये.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. पाणी चालू, फ्रिज चालू, आइस मेकर पॅनेलवरून बंद. भरायच्या नळीखाली टिश्यू पेपरची घडी ठेवून तासाभराने बघा. आइस मेकर बंद असताना कागद ओला झाला किंवा त्यावर बर्फाची टिकली जमली, तर व्हॉल्व्ह गळतोय. जाळी साफ करूनही गळत असेल तर तो बदला. त्याची शरीररचना उघडून पडदा धुण्याच्या फंदात पडू नका, परत तसा बसत नाही.

मल्टिमीटर:

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर अंगावरचं लेबल वाचून आणा. काहींची कॉइल २२०-२४० व्होल्ट एसीची असते, काहींची १२ किंवा २४ व्होल्ट डीसीची. दिसायला सारखेच. डीसीच्या कॉइलला 'चेक करू' म्हणून थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डातली वीज देणारे महाभाग आहेत, त्यांची कॉइल त्याच क्षणी जाते.

ज्यांच्याकडे घुंऽऽ आवाजच येत नाही त्यांच्यासाठी: प्लग काढा, व्हॉल्व्हचा कनेक्टर सोडवा आणि कॉइलच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. काहीतरी ठाम आकडा आला तर कॉइल जिवंत आहे. बर्फाची आणि पिण्याच्या पाण्याची अशी दोन कॉइल शेजारी असतील तर त्यांची तुलना करा. एकाच व्होल्टेजच्या आणि घडणीच्या असतील तर आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक ठीक आणि दुसरी अनंत, तर शंका उरत नाही.

सेन्सरचीही तीच गोष्ट. ट्रेखालचा सेन्सर गार होईल तसा त्याचा रोध वाढतो. खोलीच्या तापमानाला मोजा, मग बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून मोजा. आकडा दुप्पट-तिप्पट वाढत गेला तर ठीक. जागचा हलला नाही किंवा उड्या मारत असेल तर सेन्सर गेला किंवा वायर ट्रेच्या हालचालीने आतून तुटली. सेन्सर ट्रेपासून सुटून लोंबत असला तरी बर्फ होत नाही, किंवा अर्धवट गोठलेले खडे पडतात: वर कवच, आत पाणी.

एडिसनकर:

न्यू जर्सीतून लिहितोय. इकडचे बरेच फ्रिज वेगळ्या जातीचे आहेत, ते वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असतील म्हणून थोडं.

इकडच्या जुन्या पद्धतीत पीळ बसणारा ट्रे नसतो. धातूचा साचा, त्यात आठ अर्धचंद्र खडे, साच्याखाली सुमारे १८५ वॉटचा हीटर आणि वरून फिरणारी पाती. साचा साधारण -९ सेल्सिअसला आला की थर्मोस्टॅट जोडला जातो, हीटर खड्यांचा तळ सुटा करतो, पाती त्यांना ढकलतात आणि शेवटी साडेसात सेकंद पाणी येतं, सुमारे १४० मिली. पुढचं झाकण काढलं की चाचणीची छिद्रं दिसतात, त्यांना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात. टी आणि एच ही दोन छिद्रं इन्सुलेशन असलेल्या तारेने काही सेकंद जोडली की पाती फिरायला लागतात. फिरली की तार लगेच काढायची. साचा गोठलेला नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच असतो, पण ही तार त्याला वळसा घालते, म्हणून मोटर आणि हीटर दोन्ही तपासता येतात. तिथे चालू वीज आहे हे विसरू नका. भरण कमी-जास्त करायला एक स्क्रू असतो, अर्ध्या वेढ्याला साधारण २० मिलीचा फरक.

पण इकडेही दोषी बहुतेकदा पाणीच. जुन्या घरांत तांब्याच्या पाइपला टोचून बसवलेला सॅडल व्हॉल्व्ह असतो. त्याच्या सुईने पाडलेलं भोक मुळात बारीक, त्यात क्षार साचले की धार संपली. तो काढून पाइपला तीन तोंडांचा टी-जोड आणि पाव वेढ्यात उघडणारा व्हॉल्व्ह लावणं हा एकच कायमचा उपाय.

आणि भारतात कुणी इकडून फ्रिज नेला असेल तर त्याचे सुटे भाग १२० व्होल्टचे असतात. इथून मागवलेला आइस मेकर तिकडच्या २३० व्होल्टच्या फ्रिजला लावू नका. दिसायला बसतो, मग जळतो.

सातवा_मजला:

नळी मोकळी झाली. सिलिकॉन नळीच वापरली, आत दुसरं बूच खरंच होतं. जाळीवर चिखलाचा थर होता, आता स्वच्छ. टिश्यू तासाभराने कोरडा. फिल्टर अजून बसवलेला नाही. त्याच्याशिवाय दारातून १० सेकंदांत १५० मिलीच्या आसपास येतं.

आता पुढे काय? घरात भिंतीवरचा आरओ आहे. त्याच्यातून फ्रिजला नळी दिली तर गाळाचा प्रश्नच सुटेल असं नळकाम करणारे म्हणतात. की पंप बसवू?

गच्चीवरची_टाकी:

भिंतीवरच्या आरओतून नळी देऊ नका. त्याच्या आतली सात-आठ लिटरची टाकी नुसता डबा असते, तिला दाब नसतो. तोटी उघडल्यावर येतं ते निव्वळ उतारावरचं पाणी. फ्रिजच्या व्हॉल्व्हला ते पाणी म्हणजे तुमच्या आजच्या दाबापेक्षाही वाईट. आरओच्या पाणी गाळणाऱ्या झिल्लीनंतरची पातळ नळी फोडून तिथून जोडायचा जुगाड तर अजिबात नको. तिथला प्रवाह मिनिटाला दोन-अडीचशे मिलीच्या आसपास असतो, ट्रेची भरण सेकंदांत संपते.

सिंकखालचा, फुगा असलेल्या दाबाच्या टाकीचा आरओ असेल तर गोष्ट निराळी. ती टाकी भरल्यावर बऱ्यापैकी दाब देते, पण त्यासाठी आरओला येणारं पाणीच ४० पीएसआयच्या आसपास हवं, किंवा त्याच्या पंपाने ते द्यायला हवं. अशांनी बर्फ कमी झाला तर टाकी पूर्ण रिकामी करून सायकलच्या हवेच्या मापाने तिच्या बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हवर ५ ते ७ पीएसआय आहे का बघावं. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरावं. आणि आरओचं पाणी असताना फ्रिजचा स्वतःचा फिल्टर काढून टाकावा. त्याला गाळायला काही उरलेलं नसतं, तो फक्त दाब खातो.

तुमच्यासाठी पंप. आरओच्या आतला छोटा बूस्टर पंप घेऊ नका, त्याचा प्रवाह तुटपुंजा. दाबाच्या स्विचसहित येणारा डायफ्राम पंप मागा, जो तोटी उघडली की स्वतः सुरू होतो आणि ४० ते ६० पीएसआयला स्वतः थांबतो. सोबत एखाद-दोन लिटरची फुग्याची टाकी लावा. ती नसेल तर फ्रिजच्या प्रत्येक घोटाला पंप चालू-बंद, चालू-बंद करत बसतो आणि स्विच लवकर जातो.

जोडणीचा क्रम: अँगल कॉक, गाळाचा साधा कपाचा फिल्टर (५ मायक्रॉन, पारदर्शक भांड्याचा, म्हणजे माती दिसते), पंप, एकेरी व्हॉल्व्ह (पाणी मागे फिरू न देणारा), फुग्याची टाकी, मग फ्रिजचा फिल्टर. गाळाचा फिल्टर पंपाच्या आधीच हवा, वाळू पंपाच्या रबराला खाते. पंप ओट्याखाली ठेवा, फ्रिजमागे नको, तिथे गरम हवा असते आणि गळती कळत नाही. दाब वाढल्यावर जुने पुश-फिट (नळी नुसती दाबून बसवायचे) जोड झिरपायला लागू शकतात, पहिल्या रात्री प्रत्येक जोडाखाली कागद ठेवा. बाहेरगावी जाताना अँगल कॉक बंद आणि पंपाचा प्लग काढलेला.

सोसायटीच्या उभ्या लाइनीतून थेट ओढणारा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप मात्र लावू नका. शेजाऱ्याच्या नळातली हवा ओढाल आणि पुढच्या सभेत विषय तुमचाच. छोट्या डायफ्राम पंपाची ओढ मिनिटाला दोन-तीन लिटरची, ती कुणाला जाणवत नाही.

बर्फगोळा:

पंप लागेपर्यंत फिल्टर न लावता बर्फ खायचा का, हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून. टँकरचं पाणी आहे, नको. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात. तोवर आइस मेकर पॅनेलवरून बंद ठेवा आणि उकळून गार केलेलं पाणी साध्या ट्रेमध्ये.

नवा फिल्टर लावल्यावर दारातून आठ-दहा लिटर पाणी काढून टाका. सुरुवातीला फुर्रफुर्र करत हवा आणि काळपट कार्बनची भुकटी येते. हवा अडकलेली असेल तर भरण अर्धवट होते आणि लोक पुन्हा आइस मेकरला दोष देतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ फेकून द्या. बादलीत खडे दिसायला काही तास जातात, बादली भरायला दिवसभर किंवा जास्त. मधेच बर्फ नाही म्हणून दार उघडून बघत राहिलात तर आणखी उशीर.

पाना_पक्कड:

फिल्टरची मुदत माहितीपुस्तिकेत सहा महिने असते, ती नळाच्या बऱ्या पाण्यासाठी. टँकरच्या महिन्यांत १० सेकंदांचं माप घेत जा. पंप लागल्यावर नव्या फिल्टरसह जो आकडा येईल तो फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. त्याच्या दोन तृतीयांशावर आला की फिल्टर बदला, तारीख काहीही असो.

सातवा_मजला:

पंप आणि कपाचा फिल्टर बसला. नव्या फिल्टरसकट १० सेकंदांत १९० मिली. खडे पूर्ण मापाचे पडताहेत. दोन गोष्टी राहिल्यात: काही खडे ट्रेला चिकटून राहतात आणि पुढच्या भरणीचं पाणी त्यांच्यावरून ओघळतं. आणि बर्फाला किंचित वास आहे.

पाना_पक्कड:

चिकटतात ते क्षारांमुळे. ट्रेच्या खळग्यांत पांढुरकी खर हाताला लागेल. ट्रे काढता येत असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत घालून तासभर भिजवा, मऊ फडक्याने पुसा. तारेची घासणी लावलीत तर ओरखडे पडतील आणि खडे आणखी घट्ट धरून बसतील. पुसताना कोपऱ्यांत केसासारख्या चिरा आहेत का बघा, रोजच्या पिळाने तिथेच पहिल्यांदा जातात. चिरा असतील तर फक्त ट्रे मिळतो का ते विचारा, काही मॉडेलांना सुटा मिळतो. ओघळणं एकाच टोकाला होत असेल तर फ्रिज कललाय. पाणसळ ट्रेवर ठेवा आणि पुढचे पाय फिरवून समतल करा, दार आपोआप मिटेल इतपत मागे झुकता ठेवून.

बर्फगोळा:

वासाचं कारण बहुधा फ्रिजमध्ये उघडं ठेवलेलं काहीतरी. ज्या मॉडेलांत दोन्ही कप्प्यांना एकच गार करणारी जाळी असते तिथे हवा इकडून तिकडे फिरते. चिरलेला कांदा, सुकट, लसणीची चटणी यांचा वास बर्फ शोषून घेतो. डबे झाकणाचे वापरा. बादली महिन्यातून एकदा रिकामी करून कोमट पाण्यात सोडा घालून धुवा आणि पूर्ण कोरडी करून मगच ठेवा. ओली ठेवलीत तर खडे तळाला चिकटतात, आतला पिळाचा स्क्रू अडकतो आणि दारातून बर्फ येताना नुसता घर्र आवाज येतो. लोडशेडिंगनंतर बादलीची लादी झाली असेल तरी हेच. सुरीने फोडू नका, बादली काढून सिंकमध्ये वितळू द्या.